वार्धक्याचें कोडें आणि प्राध्यापक मेच्निकॉफ

आपल्या महाड-पोलादपूर भागांत असें घर क्वचितच सांपडेल कीं जेथें रात्रीं निजण्यापूर्वीं कोमट दुधाला विरजण लावण्याची चाल ठाऊक नाहीं. कालच्या दह्यांतील चमचाभर दहीं आजच्या दुधांत पडतें आणि सकाळीं पाहावें तों भांड्यांत घट्ट दहीं तयार! हें काम बहुधा घरांतील आजीकडे असतें. ती कधीं नातवाचें नांव विसरते, सकाळचें औषध घेतलें कीं नाहीं हें तिला आठवत नाहीं; पण विरजण किती घालावें हें मात्र तिचा हात विसरत नाहीं. त्या भांड्यांतील डोळ्यांस न दिसणारे जीव आणि आजीची मंदावत चाललेली स्मृति ह्यांचा विचार एकत्र करावा, असें आपल्या मनांतहि येत नाहीं. परंतु सुमारें सव्वाशें वर्षांपूर्वीं एका शास्त्रज्ञानें तसा विचार केला. माणसाचें वार्धक्य इतकें दुःखमय कां, त्याची बुद्धि व स्मृति कां झिजते, आणि ह्या झिजेचें मूळ त्याच्या आंतड्यांतील जंतूंत तर नसेल ना, हा प्रश्न त्यानें जगापुढें मांडिला. त्या शास्त्रज्ञाचें नांव एली मेच्निकॉफ. त्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें येथें योजिलें आहे.

मेच्निकॉफ ह्याचा जन्म इ. स. 1845 च्या मे महिन्यांत खारकॉव्ह शहराजवळच्या एका खेड्यांत झाला. तो प्रदेश त्या वेळीं रशियन साम्राज्यांत मोडत असे. आज तो युक्रेन देशांत आहे. वडील लष्करांत अधिकारी होते. पांच भावंडांत एली सर्वांत धाकटा. त्याच्या हातापायांस क्षणभर विसांवा नसे, म्हणून घरचीं माणसें त्याला पारा म्हणून हांक मारीत. भावाला शिकवावयास येणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून त्याला झाडेंपानें व किडेमुंग्या ह्यांच्या निरीक्षणाची गोडी लागली. आठ-नऊ वर्षांचा हा मुलगा भावंडांना व शेजारच्या मुलांना गोळा करून सृष्टिशास्त्रावर व्याख्यानें देई. आणि श्रोते उठून जाऊं नयेत म्हणून खाऊचे पैसे त्यांना वांटून टाकी! ज्ञानाचें वेड म्हणतात तें हेंच.

खारकॉव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यानें दोनच वर्षांत संपविला आणि 1864 मध्यें, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, तो पदवीधर झाला. पुढें जर्मनींत व इटलींतील नेपल्स येथें राहून त्यानें समुद्रांतील क्षुद्र प्राण्यांच्या वाढीचा अभ्यास केला. बाविसाव्या वर्षीं ओडेसा येथील विद्यापीठांत तो अध्यापक म्हणून रुजू झाला. येथपर्यंतची कथा यशाची आहे. परंतु ज्याच्या कपाळीं मोठें कार्य असतें, त्याच्या वांट्याला दुःखहि थोडें येत नाहीं.

1869 मध्यें त्याचा विवाह झाला. वधू लुडमिला क्षयानें इतकी खंगली होती कीं विवाहाच्या दिवशीं तिला खुर्चीवर बसवून चर्चमध्यें न्यावें लागलें. पत्नीला बरें वाटावें म्हणून मेच्निकॉफनें चार वर्षें जिवाचें रान केलें. उष्ण हवेसाठीं तिला दूर मदिरा बेटावर ठेविलें; खर्च भागावा म्हणून स्वतःचे डोळे दुखत असतांनाहि तो काम करीत राहिला. पण 1873 मध्यें ती गेली. त्या आघातानें त्याला जगणें नकोसें झालें आणि त्यानें आपला जीव संपविण्याचा प्रयत्न केला. सुदैवानें तो वांचला. 1875 मध्यें त्यानें ओल्गा हिच्याशीं दुसरा विवाह केला. पुढें तीहि विषमज्वरानें अत्यवस्थ झाली, तेव्हां पुन्हां एकदां त्याच्या मनाचा तोल गेला. ह्याहि वेळीं दोघें बचावलीं. मनावर असा काळोख कोणावरहि येऊं शकतो, मोठ्या बुद्धिमंतांवरहि येतो. तो एकट्यानें सोसूं नये, आईवडिलांजवळ, शिक्षकांजवळ अगर वैद्याजवळ मन मोकळें करावें, हें विद्यार्थ्यांनीं ह्या प्रसंगावरून ध्यानांत ठेवावें. त्या आजारांतून उठलेला मेच्निकॉफ निराळाच माणूस झाला. जीवन हें शाप आहे असें मानणारा तो आतां जीवन दीर्घ व सुखी कसें होईल ह्याचा शोध घेऊं लागला.

1881 मध्यें रशियाच्या बादशहाचा खून झाला आणि विद्यापीठांतून दडपशाही सुरू झाली. तिला कंटाळून 1882 सालीं त्यानें ओडेसाची नोकरी सोडिली व सिसिली बेटावरील मेसिना गांवीं बिऱ्हाड केलें. तेथें एके दिवशीं घरचीं सर्व मंडळी सर्कशींतील माकडें पाहावयास गेलीं होतीं. मेच्निकॉफ एकटाच सूक्ष्मदर्शक यंत्रापाशीं बसून तारामाशाच्या पारदर्शक पिलाकडे पाहत होता. त्या पिलाच्या शरीरांत कांहीं पेशी स्वतंत्रपणें इकडून तिकडे फिरत होत्या. त्याला एकाएकीं वाटलें, ह्या पेशी शरीराच्या पहारेकरी तर नसतील? तो उठला, बागेंतून गुलाबाचे कांटे आणले आणि त्या पिलाच्या कातडीखालीं हळूच खुपसले. त्या रात्रीं त्याला झोंप आली नाहीं. पहांटे पाहतो तों त्या फिरत्या पेशींनीं कांट्याभोंवतीं गराडा घातला होता! आपल्या बोटांत कांटा मोडला म्हणजे तेथें पू कां होतो, ह्याचें उत्तर त्याला मिळालें. रक्तांतील पांढऱ्या पेशी शरीरांत शिरलेल्या जंतूंवर चालून जातात व त्यांना गिळतात. ह्या पेशींना भक्षक पेशी असें नांव पडलें.

ह्या शोधावर पुष्कळ वर्षें वाद चालला. जर्मनींतील मोठमोठे पंडित म्हणत कीं शरीराचें रक्षण पेशी करीत नाहींत, रक्तांतील द्रव करितो. मेच्निकॉफनें एकेका आक्षेपाला नव्या प्रयोगानें उत्तर दिलें. शेवटीं दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे असें ठरलें, आणि 1908 चें वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ व त्याच्या विरुद्ध पक्षांतील पॉल एर्लिक ह्या दोघांना मिळून देण्यांत आलें.

मधल्या काळांत, 1886 मध्यें, ओडेसा येथें निघालेल्या जंतुशास्त्रीय संस्थेचा तो प्रमुख झाला होता; पण तेथें विरोध फार झाल्यामुळें 1888 मध्यें तो पॅरिसला गेला. थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर ह्यानें आपल्या संस्थेंत त्याला प्रयोगशाळा दिली, व पुढील अठ्ठावीस वर्षें तेंच त्याचें घर झालें. येथें आपल्या महाराष्ट्राचाहि संबंध येतो. ओडेसा येथें मेच्निकॉफच्या हाताखालीं शिकलेला वाल्डेमार हाफकिन हा तरुण 1889 मध्यें गुरूच्या पाठोपाठ पॅरिसला आला. प्रथम त्याला ग्रंथालयांत दुय्यम जागा मिळाली. उरलेल्या वेळांत प्रयोग करून त्यानें पटकीवरील लस शोधून काढिली. हाच हाफकिन 1893 मध्यें हिंदुस्थानांत आला. 1896 मध्यें मुंबईंत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ उसळली, तेव्हां त्यानें तेथें प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजीं ती प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली. परळ येथील त्याच्या प्रयोगशाळेला 1925 पासून हाफकिन इन्स्टिट्यूट असें नांव आहे. गुरूनें मेसिना येथें लाविलेला दिवा शिष्यानें मुंबईपर्यंत आणिला.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. 1892 च्या सुमारास मेच्निकॉफ पटकीच्या जंतूंवर प्रयोग करीत होता. हे जंतु पोटांत गेले असतां एक माणूस मरतो आणि दुसऱ्याला कांहींच होत नाहीं, असें कां? खात्री करून घेण्यासाठीं त्यानें स्वतः ते जंतु पिऊन पाहिले. त्याला कांहीं झालें नाहीं. पण तसाच प्रयोग करणारा दुसरा एक गृहस्थ मरतां मरतां वांचला. (असें धाडस आज कोणीहि करूं नये हें सांगावयास नकोच.) ह्यांतून त्याच्या ध्यानांत आलें कीं आंतड्यांत आधींच वस्ती करून असलेले कांहीं जंतु पटकीच्या जंतूंना वाढूं देत नाहींत, तर कांहीं त्यांना साह्य करितात. म्हणजे आपलें पोट ही एक वसाहतच आहे! तींत कोण राहतो ह्यावर घरधन्याचें आरोग्य अवलंबून असतें.

पुढें त्याचें स्वतःचें वय वाढूं लागलें आणि वार्धक्याच्या प्रश्नानें त्याचें मन व्यापून टाकिलें. 1903 मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें वार्धक्याच्या अभ्यासाला एक स्वतंत्र शास्त्र मानून त्याला नांवहि दिलें. आज जगभर तें जेरंटॉलॉजी ह्याच नांवानें चालतें. म्हातारपण हें निसर्गाचें अटळ फर्मान नसून पुष्कळ अंशीं एक आजार आहे, आणि आजारावर उपाय असलाच पाहिजे, अशी त्याची श्रद्धा होती. त्याची उपपत्ति अशी: मोठ्या आंतड्यांत अन्नाचा गाळ सांचतो. तेथील कांहीं जंतु तो कुजवून फेनॉल, इंडॉल ह्यांसारखे विषारी पदार्थ उत्पन्न करितात. तीं विषें रक्तांत मिसळून सर्व शरीरभर फिरतात, रक्तवाहिन्या कठीण करितात आणि मेंदूच्या पेशी दुबळ्या करितात. मग ज्या भक्षक पेशी शरीराच्या पहारेकरी, त्याच ह्या दुबळ्या झालेल्या मेंदूच्या पेशींना खाऊं लागतात. रखवालदारच घर लुटूं लागावा तसें हें होय.

ह्यावर उपाय कोणता? बल्गेरियांतील खेडवळ लोक आंबट दूध, म्हणजे एक प्रकारचें दहींच, नित्य खातात व पुष्कळ वर्षें जगतात, असें त्याच्या कानीं आलें होतें. दुधाचें आम्ल झालें कीं तें नासत नाहीं हें सर्वांना ठाऊक होतें. तेव्हां दह्यांतील जंतु पोटांत गेले तर तेथील कुजविणाऱ्या जंतूंनाहि ते हटवितील, असा त्यानें तर्क केला. 1905 मध्यें स्टामेन ग्रिगोरॉव्ह ह्या बल्गेरियन विद्यार्थ्यानें जिनेव्हा येथें त्या दह्यांतील मुख्य जंतु निराळा करून दाखविला. मेच्निकॉफ स्वतः रोज आंबट दूध घेई, कच्चें कांहीं खात नसे, फळेंहि शिजवून खाई. जून 1904 मध्यें त्यानें पॅरिस येथें वार्धक्यावर व्याख्यान दिलें आणि वर्तमानपत्रांनीं एकच गिल्ला केला. लोक दह्यासाठीं धांवूं लागले. दह्याच्या जंतूंच्या गोळ्या विकणाऱ्यांनीं त्याच्या नांवाचा डंका पिटला. सत्याचा एक कण हातीं लागला कीं त्याचा डोंगर करून विकणारे व्यापारी तेव्हांहि होते, आजहि आहेत.

शेवटचीं वर्षें दुःखाचीं गेलीं. 1914 मध्यें महायुद्ध पेटलें, तरुण सहकारी रणांगणावर गेले, प्रयोगशाळा ओस पडली. मेच्निकॉफचें हृदय थकलें होतें. अंथरुणावर पडल्या पडल्याहि तो आपल्या आजाराचीं लक्षणें टिपून ठेवी. आणि आपल्या मागें आपल्या आंतड्यांची नीट तपासणी करावी, असें त्यानें एका वैद्य मित्रास सांगून ठेविलें. स्वतःचें मरणहि ज्यानें ज्ञानाला वाहिलें, त्याच्या निष्ठेचें वर्णन काय करावें! जुलै 1916 मध्यें, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, त्यानें देह ठेविला. त्याची रक्षा पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयांत ठेविली आहे.

त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत त्याच्या उपपत्तीची पडझड झाली. अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें कीं त्या बल्गेरियन दह्यांतील जंतु माणसाच्या आंतड्यांत कायमची वस्ती करीतच नाहींत. मोठें आंतडें निरुपयोगी आहे हें त्याचें मतहि चुकीचें ठरलें. आणि अशा मतांच्या भरीं भरून लंडनमधील एका नामांकित शस्त्रवैद्यानें रोग्यांचीं आंतडीं कापून काढण्याचा जो सपाटा लाविला होता, तो बंद पडला. बल्गेरियन खेडुतांच्या वयाच्या नोंदींवर विश्वास ठेवणेंहि कठीण होतें. पुष्कळांनीं मेच्निकॉफच्या ह्या भागाकडे थोर माणसाचा म्हातारपणींचा छंद म्हणून पाहिलें.

परंतु प्रश्न मेला नव्हता. तो झोंपला होता. आज आपणांस ठाऊक आहे कीं माणसाच्या शरीरांत सुमारें 38 लाख कोटि जंतु राहतात, त्यांतील बहुतेक मोठ्या आंतड्यांत असतात, आणि त्या सर्वांचें वजन मात्र अवघें पावशेराच्या आंतबाहेर, म्हणजे सुमारें 200 ग्रॅम, भरतें. धान्याचा कोंडा, डाळींचीं सालें, भाज्यांचे तंतु हे आपल्याला पचत नाहींत. ते ह्या जंतूंचें अन्न होय. तें आंबवून जंतु कांहीं सौम्य आम्लें तयार करितात व त्यांवर आंतड्याचें अस्तर पोसलें जातें. आंतडें व मेंदू ह्यांच्यामध्यें व्हेगस नांवाचा लांब मज्जातंतु आहे. त्याचे बहुतेक धागे मेंदूकडून पोटाकडे नव्हे, तर पोटाकडून मेंदूकडे बातमी नेतात. रक्तांतून जाणारीं द्रव्यें व शरीराची रक्षणव्यवस्था ह्या दुसऱ्या वाटा. मेंदूंत स्वतःच्या अशा भक्षक पेशी आहेत हेंहि 1919 पासून माहीत झालें, आणि विस्मृतीच्या रोगांत त्यांचा हात काय आहे ह्याचा अभ्यास आज अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. पहारेकरीच घर लुटतो ही मेच्निकॉफची कल्पना अगदींच टाकाऊ नव्हती.

2012 सालीं आयर्लंडमधील शास्त्रज्ञांनीं 178 वृद्धांची पाहणी प्रसिद्ध केली. घरीं राहून नाना प्रकारचें अन्न खाणाऱ्या वृद्धांच्या पोटांत जंतूंचे प्रकार पुष्कळ होते; दीर्घकाळ शुश्रूषागृहांत राहून तेंच तें अन्न खाणाऱ्यांत ते कमी होते व त्यांची प्रकृतिहि अधिक क्षीण होती. 2021 मध्यें तेथीलच संशोधकांनीं तरुण उंदरांचे आंतड्यांतील जंतु म्हाताऱ्या उंदरांस दिले, तेव्हां म्हाताऱ्या उंदरांच्या शिकण्याच्या व लक्षांत ठेवण्याच्या शक्तींतील कांहीं उणीव भरून निघाली. कंपवाताच्या रोग्यांत हात थरथरूं लागण्याच्या कित्येक वर्षें आधीं बद्धकोष्ठ सुरू झालेला असतो, हेंहि वैद्यांच्या ध्यानांत आलें आहे. आपल्या पुण्याच्या शास्त्रज्ञांनींहि 2012 मध्यें एकाच छपराखालीं राहणाऱ्या एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांचे जंतु तपासले. घर एक आणि चूल एक असूनहि वयाप्रमाणें ही वस्ती बदलत जाते, असें त्यांस आढळलें.

येथें मात्र सावध राहिलें पाहिजे. उंदराला जें लागू पडतें तें माणसाला लागू पडेलच असें नाहीं. जंतु बिघडले म्हणून मेंदू थकतो, कीं म्हातारपणीं दांत पडतात, चावणें होत नाहीं, जेवण कमी होतें म्हणून जंतु बदलतात, हें कोडें अद्याप पुरतें सुटलेलें नाहीं. दहीं अगर ताक घेतल्यानें विस्मृतीचा रोग टळतो असें सिद्ध झालेलें नाहीं. आणि तसें सांगून महाग गोळ्या विकणाऱ्यापासून दूरच राहावें. आपल्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत. तेथें काम करणारे आपले पालक हें जाणतातच कीं पुराव्यावांचून कोणतेंहि द्रव्य औषध ठरत नाहीं. 2024 मध्यें तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानें असा अंदाज केला कीं विस्मृतीच्या रोगांपैकीं सुमारें 45 टक्के रोग ज्या कारणांशीं निगडित आहेत, तीं 14 कारणें दूर करण्याजोगीं आहेत. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणा, शिक्षणाचा अभाव आणि एकटेपणा हीं त्यांतील कांहीं होत.

तेव्हां ह्या चरित्रापासून घ्यावयाचें काय? पहिली गोष्ट घरांतली. नाचणीची भाकरी, कुळिथाची पिठी, वाल, पालेभाजी व जेवणाच्या शेवटीं ताक, हें आपल्या डोंगरकपारींतील साधें अन्न हलकें समजूं नये. पोटांतील वसाहत नांदती राहते ती अशाच नाना प्रकारच्या अन्नावर. दुसरी गोष्ट आजीआजोबांची. एकच प्रश्न त्यांनीं चार वेळां विचारला तर रागावूं नये. तो त्यांचा हेका नसून झिजलेल्या पेशींचा दोष असतो. त्यांना कमी ऐकूं येत असेल तर वैद्याकडे न्यावें, आणि रोज घटकाभर त्यांच्याशीं बोलत बसावें. एकटेपणावर ह्याहून स्वस्त औषध नाहीं.

तिसरी गोष्ट मेच्निकॉफची स्वतःची. ज्यानें एकदां जीवनाकडे पाठ फिरविली होती, त्यानेंच पुढें सर्व मानवजातीचें जीवन सुसह्य व्हावें म्हणून आपला देह झिजविला. त्याचीं उत्तरें पुष्कळ ठिकाणीं चुकलीं. पण त्याचा प्रश्न खरा होता, आणि म्हणूनच शंभर वर्षांनंतर तो पुन्हां प्रयोगशाळेच्या मेजावर आला आहे. आज रात्रीं आजी दुधाला विरजण लावूं लागली म्हणजे, बालमित्रहो, क्षणभर तिच्याजवळ जाऊन बसा आणि तो चमचा तिच्या हातून शिकून घ्या.